नखाजवळची रेघ

ती आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागली, त्याच आठवड्यात मी तिला प्रथम नीट पाहिलं. परीक्षेच्या कोऱ्या कागदांवर समास आखत बसली होती, तोही पट्टीशिवाय. एकही रेघ तिरकी नाही.

"पट्टी देऊ का?"

"कशाला सर? हात काय उसना आणलाय?"

मुलं तिला रेघबाई म्हणू लागली.

म्हणूनच मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावायचं काम मी तिला दिलं. केंद्र चौथीच्या वर्गात, प्रमुख मी. सत्तेतल्या पक्षाची माणसं शाळेमागच्या गल्लीत आधीच बजावून गेली होती, 'त्या दिवशी घरातच बसा.' गल्ली तरीही आली.

एका आजींनी बोट मागे घेतलं. "जरा फिकट लाव गं."

रेघबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. नियम म्हणजे नियम. मग तिनं नखाच्या मुळाशी शाई मुरवत रेघ ओढली, आजींना आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांना.

तिचा नवरा त्याच गल्लीतला शिंपी. बोट पुढे करत म्हणाला, "बघा सर, बायकोनं हात धरला, तोही चारचौघांत!" रांग हसली. आजीसुद्धा.

दुपारी चारला गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलं गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच हुकूम, "हात दाखव." ज्या बोटाला शाई, ते बोट टेबलावर, आणि वर हातोडी. पोलीस पलीकडे पाठ करून उभे होते.

बातमी कळताच रेघबाई घरी धावली. नवऱ्याचं बोट तिनं साबणानं घासलं, रॉकेलनं, शेवटी दगडानं. कातडी निघाली, रेघ निघाली नाही. तोवर पक्षाची माणसं घरोघर फिरू लागली होती. त्यांनी शिंप्याचा सगळा पंजाच ठेचला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सर, फिकट लावली असती तर?"

"शाई सरकारची, हुकूम माझा," मी म्हणालो. "तुझा काय दोष?"

 ती टेबलावरचे माझे हात बघत राहिली. ते धडधाकट होते.

पुढच्या निवडणुकीत कोणाला मारावं लागलं नाही. गल्लीतून कोणी आलंच नाही. 'मतदान शांततेत पार पडलं,' असं मीच लिहून दिलं. अजूनही कोणी सहज हात पुढे केला, तरी माझी नजर आधी नखाकडे जाते.

रेघबाईनं शाळा कधीच सोडली. ती नवऱ्याच्या दुकानात बसते. तो मापं सांगतो, आणि कापडावर खडूची रेघ ती ओढते. पट्टी धरून.