खरवस, तांबू आणि भाऊंचा टायगर

खरवस खाऊन माणसं रडलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि त्या दिवशी तो खरवस घरोघरी मीच पोचवला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचो आणि गावाबाहेरच्या आमच्या वाडीत राहायचो. घरात मी, बायको सुलभा आणि माझी आत्या. आत्याचा जीव दोघांवर: मी आणि तांबू गाय. (क्रम उलटा वाचावा.)

मे महिन्यात तांबू व्याली. सुलभाने मोठ्ठं पातेलं भरून खरवस उकडला आणि मी ताटल्या घेऊन वाडीभर हिंडलो. प्रत्येक ताटलीबरोबर एक व्याख्यान फुकट! “हा चीक म्हणजे नुसतं दूध नव्हे. वासराला निसर्गाने टोचलेली पहिली लस आहे ही!” लोक मान डोलवत. खरवसात गूळ आणि वेलची सढळ होती, म्हणून व्याख्यान गिळणं सोपं जाई. माहेरपणाला आलेली माझी धाकटी बहीण पमी दुपारच्या गाडीने देवरूखला परत निघाली होती. तिच्याही पिशवीत सासरच्यांसाठी डबा भरून दिला.

ती स्टँडवर गेली आणि गोठ्यातून आत्याची हाक आली, “बाळू, धाव रे! तांबूला काय झालंय बघ!”

तांबू मान ताणून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा. डोळे वटारलेले. मधूनच घशातून असा काही आवाज काढी की अंगावर काटा यावा. आत्याने पाण्याची बादली पुढे केली, तर तांबूने तोंड लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

झालं! माझ्यातला जीवशास्त्राचा शिक्षक जागा झाला. (तो झोपलेलाच बरा असतो.)

“आत्या, मागे हो! हिला पाण्याची भीती वाटतेय. गाय पिसाळली!”

“काहीतरी बोलू नकोस मेल्या. पिसाळायला हिला कुत्रं कधी चावलं?”

“भाऊंचा टायगर परवा गोठ्यात शिरला होता ना?”

शेजारचे भाऊ दगडी गडग्यापलीकडेच उभे होते. त्यांचा टायगर म्हणजे बरगड्या मोजून घ्याव्यात असा पिवळट कुत्रा. भाऊ तिथूनच ओरडले, “ओ सर, माज्या टायगरचं नाव घेव नका! सावलीला शिरला होता तो. त्याला भाकरी चावत नाय, गाय काय चावतोय!”

पण माझा आवाज तोवर वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. पाचच मिनिटांत सगळी वाडी आमच्या अंगणातल्या खळ्यात. कुणीतरी विचारलं, “सर, मग सकाळचा खरवस?” आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. खरवस! निसर्गाची पहिली लस!

“पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणे,” एक बाई म्हणाली. तिच्या कडेवरच्या पोराने भोकाड पसरलं, त्याला बघून बाकीच्या पोरांनी, आणि त्यांना बघून दोन कर्त्या पुरुषांनी डोळे पुसले.

“गुरांच्या डॉक्टरांना फोन करा,” सुलभा म्हणाली. फोन तीच लावेल ही खात्री असल्यामुळे मी स्कूटरला लाथ मारली. पमीचा डबा!

स्टँडवर देवरूखची गाडी सुटायच्या बेतात होती. मी स्कूटर तशीच टाकून दारात चढलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, “डबा! कुणी डबा उघडू नका!”

वाक्य चुकलं, हे मला नंतर कळलं. बेवारस वस्तूंबद्दलची सूचना सगळ्यांनीच वाचलेली असते. गाडी डोळ्यांदेखत रिकामी झाली. एक आजोबा खिडकीतून खाली उतरले आणि विसरलेली पिशवी घ्यायला पुन्हा खिडकीतूनच वर चढले.

कंडक्टर तेवढा उभा होता. “बॉम्ब हाय काय?”

“नाही हो, खरवस!”

“खरवसासाठी गाडी खाली केलीत?”

“गाय पिसाळली आहे!”

कंडक्टरचा चेहरा पांढरा पडला. मागून पमी रडवेली म्हणाली, “दादा, वहिनीच्या हातचा म्हणून मी यांना आत्ताच दोन वड्या दिल्या रे!”

कंडक्टरने मिशीवर उरलेला खरवस सावकाश पुसला, तो हात पँटला पुसला, मग त्या पँटकडे बघत राहिला. “संध्याकाळी मी परत येतंय,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तवा काय ता नक्की सांगा. घरी मानसा हायत माजी.”

पमीला मागे बसवून परत आलो तेव्हा खळ्यात माणसं गुपचूप उभी होती. आत्या मात्र तांबूच्या गळ्यात हात घालून बसली होती. तिला ओढून काढायला गेलेल्या दोघांना तिने शेणाच्या हाताने परतवलं होतं.

“आत्या, ऐक माझं. लाळ लागली तर जिवावर बेतेल.”

“बेतू दे. माझ्या आजारपणात रात्रभर दाराशी हंबरत होती ही. आज मी हिला एकटी सोडू?”

त्या क्षणी पहिल्यांदाच वाटलं, तांबू खरंच गेली तर आत्याचं काय होईल? पुस्तकात या आजारावर उपाय नाही असं मीच मुलांना शिकवत होतो.

एवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. आधी त्यांनी आत्याला बोलण्यात गुंतवून बाजूला घेतलं, साबणाने हात धुवायला लावले, स्वतः कोपरापर्यंत हातमोजे चढवले. मग विचारलं, “दुपारी ही कुठे होती?”

“घरामागच्या परड्यात,” आत्या म्हणाली. “रायवळच्या झाडाखाली.”

“आंबे पडलेत का खाली?”

“रोज पडतात.”

डॉक्टरांनी तांबूच्या मानेवरून बाहेरून हात फिरवला, एका जागी थांबले आणि हसले. दोघांनी तांबूला धरलं. डॉक्टर दोन्ही हातांनी तो फुगवटा वर वर सारत राहिले. तांबूने एक जोरदार आचका दिला आणि तोंडातून एक अख्खा रायवळ आंबा टप्पकन खळ्यात पडला! पाठोपाठ तिने असा ढेकर दिला की वाडीने टाळ्या वाजवल्या. मग बादली एका दमात रिकामी केली.

“घशात आंबा अडकल्यावर लाळ कशी गिळणार, नि पाणी तरी कसं पिणार?” डॉक्टर म्हणाले. “संशय घेतलात ते चांगलं केलंत, सर. लांब उभे राहिलात तेही चांगलं. पण खरवसाला का घाबरलात? तो उकडलेला असतो. तेवढ्या उष्णतेत हा विषाणू टिकत नाही. तुम्ही हेच शिकवता ना?”

सगळी वाडी माझ्याकडे बघू लागली. मी आंब्याकडे बघू लागलो.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण गेलेली अब्रू आजच परत आणायची होती. डॉक्टर म्हणाले होते, “त्या कुत्र्याला तेवढी लस टोचून घेऊ, आलोच आहे तर.” मी लगेच म्हणालो, “मी आणतो त्याला!” आणि दावं घेऊन गडगा ओलांडला.

टायगर गाढ झोपला होता. मी मागून गेलो. (का? विचारू नका.) दावं टाकण्याच्या नादात त्याच्या शेपटीवर माझा पाय पडला. भाकरी न चावणाऱ्या त्या कुत्र्याने माझ्या पोटरीचा असा लचका धरला की मी सरळ शेवग्याला मिठी मारली!

सुलभाने पाय नळाखाली धरला आणि कपड्यांच्या साबणाने पोटरी घासघास घासली. तशीच रिक्षाने दवाखान्यात. तिथले डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शनं आजपासून सुरू. पोटात. कुत्र्याला बांधून ठेवा, दहा दिवस नीट राहिला तर पुढची थांबवू.”

त्या दिवसापासून टायगर आमच्या पडवीत राहायला आला. त्याला दूधभात, त्याला मऊ गोणपाट, त्याला सुलभाच्या हातची भाकरी कुस्करून. एका सकाळी त्याने पाण्याकडे पाठ फिरवली, तर मी अर्धमेला झालो. आत्याने त्याला वाडगाभर ताक पाजलंय हे मला दुपारी कळलं! वाडी रोज समाचाराला येई आणि माझ्या खाटेवरून पुढे जाऊन विचारी, “टायगर कसा हाय?” देवरूखच्या गाडीचा कंडक्टरही बिस्किटांचा पुडा घेऊन आला. कुत्र्यासाठी.

मुदत संपली त्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी टायगरला नीट तपासलं आणि म्हणाले, “एकदम ठणठणीत!”

मी सुटकेचा श्वास सोडला. आत्याने माझ्याहून मोठा सोडला आणि देवाला हात जोडले. मला भरून आलं. म्हटलं, “आत्या, एवढी काळजी करत होतीस माझी?”

“तुझी कशाला?” आत्या म्हणाली. “नको ती पोटरी तोंडात गेली होती बिचाऱ्याच्या. मुकं जनावर, पोटात दुखलं तर सांगणार कुणाला!”