ताईंचे प्रश्न दादाला

विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुका होणार, होणार म्हणता म्हणता आमच्या वाट्याला काही येईनात. तेव्हा वाशिमच्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांनी कॉलेजपुरतीच एक निवडणूक लावली. प्रतिनिधी एक, उमेदवार दोन: कबड्डीचा कॅप्टन आणि मी. त्याचं घर कॉलेजसमोर, मी रिठदहून बसनं येणारी.

मी काही हौसेनं उभी नव्हते. आमचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं आणि गावाची बसही पाचलाच निघायची. पुढच्या बसनं घरी पोचेस्तोवर अंधार. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "अजून एकदा अंधार झाला, त कॉलेज बंद." मला पद नको होतं, बस हवी होती.

सरांनी भाषणांना फाटा दिला. मुलांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या आणि उमेदवारांनी उत्तरं द्यायची, एवढंच. शिरपूरची माझी मैत्रीण ही माझी प्रचारप्रमुख. तिनं पोरींना बसवून माझं कौतुक होईल अशा ढीगभर चिठ्ठ्या लिहून घेतल्या. कबड्डीवाल्यांनीही तेच केलं. मी स्वतः एकच चिठ्ठी टाकली, बसची. तिचं उत्तर चार दिवस आरशापुढे घोकलं. निवेदन, समिती, पाठपुरावा, सगळं होतं त्यात.

सभेच्या दिवशी सरांनी डबा जोरात हलवला आणि म्हणाले, "आता आळीपाळीनं काढा. हातात येईल तो प्रश्न तुमचा."

मैत्रिणीनं कपाळावर हात मारून घेतला. आमचे प्रश्न आम्हालाच विचारतील, असं आम्ही सगळे गृहीत धरून बसलो होतो.

पहिली चिठ्ठी माझी. मी मोठ्यानं वाचली. "दादा, एका दमात पाच गडी बाद करता, एवढा दम आणता कुठून?"

"रोज बसीमांग धावून," मी म्हणाले. पोरं बाकं बडवायला लागली.

मग त्याची. "ताई, तुमची वेणी एवढी लांब कशी?"

त्यानं आपल्या बारीक कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "काय सांगू, कालच कापली ना!"

माझ्या हाती पुन्हा दादाच आले. "दादा, तुमच्या मिशीचं रहस्य काय?"

"येऊन राह्यली," मी म्हणाले, "जरा दम धरा."

सर रुमालात तोंड घालून हसत होते. माझं तर पोट दुखायला लागलं. आपण इथे कशासाठी उभ्या आहोत हेच मी विसरले होते.

त्यानं पुढची चिठ्ठी उघडली आणि मला लांबूनच माझं अक्षर दिसलं. 

"पाचले प्रॅक्टिकल सुटते आन् पाचलेच बस जाते," त्यानं वाचलं. "गावच्या पोरींनी काय करावं?"

तो म्हणाला, "मले नाही माईत बा. बस चुकली त काय होते?"

मला इतका संताप आला की मी त्याच्याच शेजारी उभी राहून ओरडले, "कॉलेज बंद होते! आता एकदा चुकली का माहं कॉलेज बंद!"

कोणी हसलं नाही. तो पुढे बसलेल्या रसायनशास्त्राच्या मॅडमकडे वळला. "मॅडम, आमची वाशिमवाल्यांची बॅच दुपारची हाय. आमी पाचले सुटनारी घेतो. दुपारची या गावच्या पोरींले देऊन टाका."

"सगळे तयार असाल तर सोमवारपासून," मॅडम म्हणाल्या.

मागून त्याची पोरं ओरडली, "तयार!"

झालं. माझी समिती, माझा पाठपुरावा, सगळं घोकलेलं घशातच राहिलं. राग आला होता, लाजही वाटत होती, आणि आनंद तर पोटात मावत नव्हता.

मतदान त्या सोमवारीच होतं. तो निवडून आला. मैत्रीण बोटं मोडत माझ्याकडे आली. "आपल्या पोरींतलं एक मत फुटलं, सांगून ठेवते. मी एकेकीले शपथ घालून इचारून राह्यली. कोण असंन वो?"

"असंन कोणी," मी म्हणाले, आणि दप्तर उचलून भर उन्हात बसस्टँडकडे निघाले.