शूटिंगचा कागद

माणसानं एकदा पिच्चर काढला ना, की गावभर त्याचेच किस्से होतात बघा! आमी इचोड्यात काढला होता, व्हीसीआरच्या जमान्यात, वीस मिनिटांचा. गोष्ट साधी. दहावीतल्या पोराचं बापाशी पटत नाही, पोरगा घर सोडतो. हिरो माह्याच वर्गातला विनोद. मी मास्तर, म्हणून डायरेक्टरही मीच!

*

कॅमेरा बबनचा. बबन लग्नाच्या कॅसेटी काढणारा. पहिलाच शॉट, विनोद पिशवी घेऊन उंबरठा ओलांडतो, डोळ्यांत पाणी. बबन ओरडला, "हां, इकडं पाहा... थोडं हसा!"

मी कपाळावर हात मारला. मग कॅसेट लावून पाहतो तर काय, मागं उभं राहून चहा पिणाऱ्या एकेकाचा क्लोजअप! "कोणी सुटला तर राग येते ना, मास्तर, लोकायले!" बबन म्हणे.

*

बापाचं काम कराले कोणी तयार होईना. शेवटी विनोदचा खराच बाप उभा राहिला, किराणावाले किसनराव. पोरानं फक्त म्हणायचं होतं, "मले शिकायचं हाय."

तो म्हणाला, "बाबा, दिवसभर दुकानात बसवता, पण माह्याशी एक शब्द बोलत नाही तुमी. मी काऊन राहू या घरात?"

हे मी लिहिलंच नव्हतं! किसनरावांनी खाडकन कानफटात मारली. तीही लिहिली नव्हती! आन् आमी काय केलं? टाळ्या वाजवल्या. आज आठवलं की लाज वाटते.

*

मग ट्रकचा शॉट. ड्रायव्हरले समजावलं, "भैया, लड़के को बिठाओ, थोड़ा आगे जाके रुको." त्यानं जे गाडी हाणली, ते थेट निर्मल शहरात! आमी रोडवर बोंबलत राह्यलो.

चार तासांनी पोट्टा बसनं परत आला. "भ्यालास का रे?" मी विचारलं.

"नाही सर. लय बरं वाटलं."

*

पिच्चरमधली चिठ्ठी विनोदनंच लिहिली होती. "आई, मी जातो. मले शोधू नको." आन् शहाणा ती घरीच भाकरीच्या टोपल्यापाशी इसरला! त्याच्या आईले, विमलबाईले, वाचता येत नाही. शेजारणीनं वाचून दाखवली. झालं! अर्धं गाव विहिरींत डोकावून राह्यलं, आन् हिरो बसस्टँडवर कॅमेऱ्यापुढं भजी खाते!

विमलबाई रडत आली. मले चार शिव्या घातल्या, मग पोराले पोटाशी धरून हसाले लागली. "आता नाही भ्यायची मी, मास्तर!"

*

शूटिंग संपलं. बबन कॅमेरा घेऊन लग्नांच्या मागं लागला. पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी वर्गात हजेरी घेत होतो. विनोदचं नाव दोनदा घेतलं, कोणी 'हजर' म्हणालं नाही.

तेवढ्यात दारात विमलबाई. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. तोंडभर हसून म्हणाली,

"मास्तर, पोट्टा शूटिंगचा कागद पुन्हा घरीच इसरला पाहा! आन् हा डबा द्या त्याले. उजाडायच्या आत उपाशीच गेला. लय काम घेता बाप्पा तुमी!"