गाडी डावीकडे ओढते

अलाइनमेंट करून गेलेली गाडी परत आली की मला आधी राग येतो आणि मग उत्सुकता वाटते. अलिबाग-रेवस रस्त्यावर माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. नवऱ्याने सुरू केलं, मी त्याच्याकडून शिकले, आणि आता तो वाडीतल्या नारळांकडे बघतो आणि मी चाकांकडे. शनिवारी मुंबईहून गाड्या घेऊन आलेली माणसं मला विचारतात, मालक कुठे आहेत. मी समोरच उभी असते. पूर्वी मी लगेच सांगायचे. हल्ली थोडा वेळ शोधू देते.

त्या दिवशी परत आलेली गाडी पांढरी होती, छोटी, आतबाहेर चकचकीत. काशीदच्या पुढच्या एका गावातले चाचा ती चालवत आले होते आणि शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, सुट्टीवर आखातातून आलेला. आदल्या आठवड्यात हेच दोघं आले होते. मी कॅम्बर, टो, म्हणजे चाकांचे कोन, सगळं जुळवून दिलं होतं आणि म्हटलं होतं की एक चक्कर मारून बघते, मगच घेऊन जा. पण मुलाला कोर्टाच्या आवारात कुठलं तरी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मशीनमधून निघालेला कागद हातात घेऊन तो म्हणाला, सगळं हिरवं आहे ना ताई, मग झालं की. आणि बापाला घेऊन गेला.

आज तोच कागद त्याच्या खिशात होता. चाचा गाडीतून उतरायच्या आत तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला. मे महिन्यात अब्बांना अर्धांगवायूचा हलका झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. बोलणं आठवड्यात परतलं, चालणं पावसाळ्यात सुधारलं, हात मात्र मागे राहिला. गणपतीनंतर डॉक्टरांनी दिवसाउजेडी, जवळपास गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण तेव्हापासून गाडी डावीकडे जाते. दोनदा रस्त्याच्या कडेच्या मातीत गेली, एकदा सुक्या मासळीच्या ओट्याला घासली. मुलाला स्वतःला गाडी येत नाही, तिकडे तो कंपनीच्या बसने जातो. त्याने गाडी तपासायला म्हणून माझ्याकडे आणली होती. मशीन म्हणतं गाडी बरोबर आहे, म्हणजे अब्बांचा हातच बरोबर नाही, असा त्याचा हिशेब झाला होता. परवा त्याला विमान पकडायचं होतं आणि त्याआधी गाडी विकायची होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, संध्याकाळी न्यायला येणार होतं.

"मग इथे कशाला आलात?" मी विचारलं.

तर म्हणे अब्बा ऐकेनात. अब्बांचं म्हणणं, त्या बाईला एकदा शेवटचं विचार, ती नाही म्हणाली तर मी चावी देतो.

मला भयंकर राग आला. पोरगा वाईट नव्हता. बापाच्या काळजीने त्याची झोप उडाली होती, ते डोळ्यांवरून दिसत होतं. पण माझ्या दुकानाचा कागद एका माणसाच्या हाताविरुद्ध साक्षीला उभा केला होता, आणि तेही मला न विचारता. मशीन उभ्या गाडीची चाकं मोजतं. गाडी पळायला लागल्यावर चाकं काय करतात हे त्या कागदाला कुठून कळणार? मी हे त्याला तोंडावर सांगितलं.

चाचा एव्हाना पायरीवर बसले होते. उंच माणूस, पांढरी दाढी, उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला. एके काळी ते स्वतःच्या होडीचे तांडेल होते, म्हणजे सुकाणूवर तेच. मुलं आखातात गेली, खलाशी मिळेनात, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि ही गाडी घेतली. मागच्या वेळी ते मला म्हणाले होते की पाण्यावरचं संपलं, आता वळवायला एवढंच उरलंय. म्हणाले ते हसत, पण माणूस हसत काय काय बोलतो हे मला कळतं.

मी चावी मागितली आणि दोघांनाही मागे बसवलं.

आत बसल्यावर माझी नजर स्टेअरिंगच्या कव्हरवर गेली. काळं, नवंच असावं. पण उजव्या बाजूला, घड्याळात तीनचा काटा येतो तिथे, ते गुळगुळीत झालं होतं आणि शिवण उसवली होती. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या गाडीत असं बरंच काही दिसतं.

खाजणाजवळ रस्त्याचा एक सरळ पट्टा आहे, दोन्हीकडे पाणी आणि बगळे. माझी गाड्या तपासायची जागा तीच. मागेपुढे कोणी नाही हे बघून मी बोटं स्टेअरिंगपासून जराशी दूर केली. गाडी सावकाश डावीकडे निघाली. ब्रेकवर पाय टेकवला तर आणखी निघाली. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्याने थोडी जातेच, म्हणून मोकळा रस्ता बघून मी ती मधोमध आणून पुन्हा सोडली. तरी डावीकडे.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही," मी आरशात बघून मुलाला म्हटलं. "तरी जाते. बघितलंत?"

आरशात चाचा बाहेरच्या पाण्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचा चेहरा सैल झाला, तो मला दिसला.

आता गाडी डावीकडे ओढते हे ठरलं होतं. का ओढते हे शोधायचं होतं, आणि या कामात माझा हात कोणी धरणार नाही. दुकानात आल्यावर आधी हवा बघितली. चारही चाकांत सारखी. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावले. टायरच्या आतल्या विणीत दोष असला तर असं केल्यावर गाडी उलट बाजूला ओढायला लागते. पुन्हा खाजणाची फेरी. तरी डावीकडेच. म्हणजे टायर निर्दोष सुटले. मुलाला वाटत होतं मी वेळ काढतेय. तो दर थोड्या वेळाने मोबाइल बघत होता, गिऱ्हाइकाचे मेसेज येत असावेत. मी त्याला चहा सांगितला, त्याने तोंड बंद राहतं.

ब्रेक दाबला की जास्त ओढते, त्यामुळे माझा संशय ब्रेकवर होता. आमच्याकडे खाऱ्या हवेने ब्रेकची पिन गंजते, मग एका चाकाचा ब्रेक धरून ठेवतो. पुढच्या चाकांना हात लावून बघितला, दोन्ही सारखी कोमट. जॅकवर चढवून फिरवली, दोन्ही मोकळी. माझा अंदाज चुकला होता, आणि अंदाज चुकला की मला अजूनच चेव येतो.

मग मी खाली शिरले. चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो जिथे गाडीला बसतो तिथे आत जाड रबर असतं, बुश. उजव्या बुशात पहार घालून रेटलं, रबर जागचं हललं नाही. डावीकडे घातली आणि अख्खा आर्म मागे सरकला. रबर फुगून लोण्यासारखं मऊ झालं होतं. गाडी उभी असताना सगळं जागच्या जागी, मशीनला दिसणार काय? गाडी पळायला लागली, ब्रेक लागला, की डावं चाक मागे सरायचं आणि गाडीला आपल्याकडे ओढायचं.

पण एकाच बाजूचं रबर असं का व्हावं? दोन्ही एकाच वयाची. मी बोट फिरवून नाकाशी नेलं. तो वास इथे वाढलेल्या कोणालाही ओळखता येईल. माशाचं तेल.

मी बाहेर येऊन चाचांना विचारलं, गाडीच्या खाली काय लावलं होतं? ते जरा ओशाळले, पण लपवलं नाही.

"होडीला लावायचू तेच, बाय. पावसाच्या आदी. गंज पकडू नये म्हणून."

पावसाळ्याआधी होडी वर ओढतात, एका कुशीवर कलती करतात आणि तळाला तेल चोपडतात. मग दुसऱ्या कुशीवर कलवून ती बाजू करतात. चाचांनी गाडीलाही तेच केलं होतं. डावी बाजू जॅकवर उचलली आणि मनापासून, हाताने, सांधेफटीत मुरेपर्यंत तेल चोळलं. लाकूड त्याने वर्षानुवर्षं टिकतं. रबर त्यात मरतं.

"आणि उजवी बाजू?"

"ती दुसऱ्या दिशी करायची व्हती. दुसऱ्या दिशी सकाळी मीच कलंडलो."

मग माझ्या सगळं ध्यानात आलं. झटका आला तेव्हा गाडीची डावी बाजू तेलात होती. चाचा दवाखान्यात आणि मग घरात, गाडी माडाखाली, आणि अख्खा पावसाळा तेल त्या रबरात मुरत राहिलं. गणपतीनंतर चाचा पहिल्यांदा चाकामागे बसले तेव्हा दोघंही आजारातून उठले होते. गाडी डावीकडे गेली आणि सगळ्यांनी माणसाकडे बोट दाखवलं. चाचांनीसुद्धा स्वतःकडेच दाखवलं असणार. आजवर एक शब्द बोलले नव्हते ते.

"म्हणजे गाडी अब्बांनीच बिघडवली," मुलगा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. "हो, त्यांनी बिघडवली. गाडीला होडी समजले, एवढंच चुकलं. तुम्ही विकताय ती हात गेला म्हणून. तेल लावलं म्हणून कोणी गाडी विकत नाही."

नवा आर्म अलिबागच्या स्पेअरवाल्याकडे होता. दुपारपर्यंत बसवला, सगळी चाकं पुन्हा मशीनवर घेतली, कागद काढला आणि तो मी माझ्याच खिशात ठेवला. मुलाला म्हटलं, आता कागद बघायचा नाही. आता चाचा चालवतील, तुम्ही शेजारी बसा, मी मागे.

खाजणाच्या पट्ट्यावर आलो आणि गाडी उजवीकडे जायला लागली.

थोडीथोडकी नाही, चांगली पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. मुलाने डॅशबोर्ड धरला. चाचांनी घाईने ती डावीकडे घेतली आणि पुन्हा ती उजवीकडे निघाली. मुलगा मागे वळून माझ्याकडे बघू लागला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. मीही क्षणभर गडबडले, खोटं कशाला सांगू. मी स्वतः दुकानासमोर चालवून बघितली होती, ती दोरी धरल्यासारखी सरळ जात होती. गाडीत दोष नव्हता. मग उरलं कोण?

चाचांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चावी काढली. ती मुलासमोर धरली.

"घे. बाय काय करणार. माजाच हात गेलाय."

तेव्हा माझी नजर पुन्हा त्या कव्हरवर गेली. उसवलेली शिवण, गुळगुळीत झालेला तुकडा, उजव्या हाताखाली. आणि मला इतकं हसू आलं की मुलगा दचकला.

"चाचा, ती चावी परत लावा," मी म्हटलं. "गणपतीपासून ही गाडी डावीकडे ओढत होती ना? मग तिला रस्त्यावर कोणी ठेवलं? डावा हात गिअरवर असायचा तेव्हा? तुमच्या उजव्या हाताने ओढून धरली तिला. कव्हर बघा, फाटलंय तिथे. आता ती ओढत नाही आणि तुमचा हात अजून ओढतोय. हात गेलेला नाही, चाचा. त्याला अजून कोणी सांगितलंच नाही की भांडण मिटलं."

चाचांनी कव्हरकडे बघितलं. फाटलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. दवाखान्यातून हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला होता तो नातवंडांनी पळवला, असं ते मला नंतर सांगत होते. त्या वेळी त्यांनी नुसती चावी लावली आणि निघाले.

"सैल सोडा," मी म्हटलं. "नुसता ठेवा हात."

पहिल्यांदा गाडी थोडी उजवीकडे गेली, मग कमी, मग गेलीच नाही. खाजण संपेपर्यंत ती सरळ चालली, आणि मधल्या अगदी सरळ पट्ट्यावर चाचांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून वीतभर वर उचलले. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. गाडीने बाजू बदलली नाही. त्यांनी हात परत ठेवले.

दुकानाशी गाडी थांबली. मुलगा समोर बघत बसला होता, उतरत नव्हता. बापावर विश्वास न ठेवल्याची शरम त्याच्या मानेपर्यंत लाल दिसत होती. मला त्याची दया आली, आणि दया माझ्याकडे सहज येत नाही.

चाचांनी त्याच्याकडे वळून म्हटलं, "हात दे."

मुलाने उजवा हात पुढे केला. चाचांनी तो आपल्या उजव्या हातात धरला आणि आवळला. होडीचं सुकाणू धरलेला हात तो, आणि वर इतके महिने त्या चाकाशी झगडलेला. मुलाचा चेहरा आधी गोंधळला, मग वेदनेने वाकडा झाला, मग त्याचे डोळे भरले. त्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. सुटला नाही.

"गेलाय का?" चाचांनी विचारलं.

मुलाने नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, गिऱ्हाइकाचाच. उजवा हात बापाच्या हातात अडकलेला, म्हणून त्याने डाव्या हाताने कसाबसा तो खिशातून काढला, कानाला लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं.