कोरड्याला विटाळ नसतो

आमच्या गावात मांजरानं काय खावं हा प्रश्न मांजराचाच असतो. उंदीर सापडला तर उंदीर, नाही तर दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला कोण विसरलं याचा शोध, आणि दिवस अगदीच वाईट गेला तर ताकात कुस्करलेली शिळी भाकर. एवढ्यावर आमच्याकडच्या मांजरांच्या पिढ्या निघाल्या. त्यामुळे पुण्याच्या लेकीनं दोन महिन्यांसाठी परदेशी जाताना आपला बोका आमच्याकडे आणून सोडला आणि गाडीतून त्याच्या खाण्याची दोन खोकी उतरवली, तेव्हा शेजारची जाऊबाई नुसती बघायला म्हणून आली ती दोन कप चहा पिऊनच उठली. "मांजराला बी रुखवत असतंय का?" असं तिनं मला विचारलं.

बोका पांढराशुभ्र, केसाळ आणि तोंडानं चपटा होता. कोणीतरी तोंडावर दार आपटल्यासारखं त्याचं नाक आत बसलेलं. लेकीनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्या मालकांच्या जिभेला वळेना, म्हणून ते त्याला पाहुणा म्हणू लागले. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात. कशाचे मालक, ते विचारायचं नसतं.

लेकीनं जाण्याआधी मला सगळं समजावलं. सकाळी ओलं, नंतर दिवसभर थोडं थोडं कोरडं. ओलं म्हणजे हाताएवढ्या चकचकीत पुड्या, आत रश्श्यात बुडालेले तुकडे. कोरडं म्हणजे एक मोठी पिशवी, आत खारीचा चुरा असावा तशा तपकिरी गोळ्या. शिवाय पाण्याचं एक विजेवर चालणारं कारंजं, कारण हा बोका साचलेलं पाणी पीत नाही, वाहतं लागतं. "आई, ओलं चुकवू नको हं," ती म्हणाली. "तो पाणी फार कमी पितो. त्याच्या पोटात जे पाणी जातं ते या पुड्यांतूनच." मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं आहे. एवढी साधी गोष्ट मला दोनदा सांगायची गरज नव्हती.

आता मालकांविषयी सांगायला हवं. ते माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ पडल्याला तीस वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. यात वावगं काही नाही, मीही खात नाही. पण मालकांचा धर्म पोटापाशी थांबत नाही. त्यांची सख्खी बहीण औंढ्याजवळ दिलेली आहे. तिच्या घरी महिन्याकाठी एकदा मटण शिजतं, म्हणून मालक तिच्या हातचं शिजलेलं खात नाहीत. ते गेले की ती सुपात कोरडा शिधा आणून ठेवते, पीठ, डाळ, मीठ, मिरची, गुळाचा खडा, आणि मालक तिच्याच अंगणात तीन दगड मांडून स्वतःची भाकर स्वतः थापतात. पीठ तिचंच, डबा तिचाच, काढून देणारा हातही तिचाच. पण पाणी लागलं नाही तोवर ते शुद्ध. "कोरड्याला विटाळ नसतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बहीण दारात उभी राहून पदरानं डोळे पुसते. धुरानं की कशानं, ते आमच्यात कोणी विचारत नाही.

तर लेकीनं निघताना ओल्याची एक पुडी मला दाखवायला म्हणून स्वयंपाकघरात फोडली. वास सुटला. पुडीवर माशाचं चांगलं ठसठशीत चित्र होतं. मालक उपरणं नाकाला लावून दोन पावलं मागं सरले.

"हे काय येऊन राहिलं घरात?"

"बाबा, त्याचं ओलं खाणं आहे."

"अन् ते दुसरं?"

"ते कोरडं."

मालकांनी पिशवीत हात घालून मूठभर गोळ्या बाहेर काढल्या, उजेडात धरल्या, लांबूनच हुंगल्या. पिशवीवर फक्त एका मांजराचं चित्र होतं, ते त्यांना सात्त्विक वाटलं असावं. मग निकाल लागला. कोरडं घरात राहील. ओलं गोठ्यात जाईल, आणि ज्याला ते द्यायचं असेल त्यानं गोठ्यात जाऊन द्यावं, आणि चुलीजवळ येण्याआधी डोक्यावरून पाणी घ्यावं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. "जा तू," मी म्हणाले. "मी देत जाईन."

ती गेल्यावर मी कोरड्याची पिशवी उलटी करून मागचं बारीक इंग्रजी वाचलं. पहिलाच शब्द कोंबडी. त्यापुढे माशाची भुकटी, आणि आणखी पुढे कोंबडीची चरबी. ओल्यात जे होतं तेच कोरड्यात होतं, फक्त वाळवलेलं. मी पिशवी सरळ करून जागच्या जागी ठेवली.

मालकांना तेव्हाच सांगायला काय झालं होतं, असं कोणी विचारेल. पण त्यांनी तोवर देव्हाऱ्याखालचा पितळी डबा घासून पुसून काढला होता. पूर्वी त्यात एकादशीचे राजगिऱ्याचे लाडू असत. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं ते कोरडं भरलं, वर घट्ट झाकण लावलं आणि डबा परत देवाखाली ठेवला. रोज सकाळी पूजा झाली, गंध लावलं, की ते पाहुण्याला बोलवायचे आणि वाटीत मूठभर टाकायचे. "घे लेकरा, शुद्ध हाय," असंही म्हणायचे. ज्या माणसानं बहिणीला वर्षानुवर्षं धुरात उभं केलं, तो रोज न्हाऊनधुऊन कोंबडीच्या चुऱ्यात हात घालत होता. हा तमाशा माझ्यासाठीच मांडलाय असं मला वाटायचं. मी खांबाला टेकून बघायची आणि पदरात हसायची.

बारशीच्या दिवशी तर कहर झाला. आदल्या दिवशीची एकादशी सोडायला गावातले भजनी बुवा आमच्याकडे येतात. स्वयंपाकाला जरा उशीर होता. बुवांना भूक लागली होती, आणि देव्हाऱ्याखाली पितळी डबा दिसला. देवाखालचा डबा म्हणजे प्रसादच. त्यांनी झाकण काढलं, दोन गोळ्या तोंडात टाकल्या, डोळे मिटून चावल्या.

"खुसखुशीत हाय," ते म्हणाले. "जरा मीठ कमी पडलंय."

मालक तेव्हा विहिरीवर होते. मी ताटं मांडत होते. मी बघत बघत तांब्या ताटाशेजारी ठेवला. बुवांनी आणखी एक घेतली. त्यांची बारस अशी सुटली. ते जेवून, आशीर्वाद देऊन गेले, आणि मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पोट दुखेपर्यंत हसले.

गोठ्यात जाण्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगते. पौषातली थंडी होती. पहिले चार दिवस मी रोज सकाळी गोठ्यात जाऊन पुडी कापली, पाहुण्याला कडब्याच्या पेंढ्यांशेजारी बसून खाऊ घातलं आणि मग दुसऱ्यांदा डोक्यावरून आंघोळ केली. पाचव्या दिवशी मला शिंका आल्या. सहाव्या दिवशी मी म्हटलं, कोरडं तरी काय वाईट आहे, त्यातही तेच तर आहे. पुड्यांचं खोकं गोठ्यातल्या माळ्यावर तसंच राहिलं. कारंज्याचंही असंच. आमच्याकडे लाइट दिवसातून दोनदा जाते. कारंजं बंद पडलं की पाहुणा त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. मालकांनी ते उचलून ठेवलं आणि तांब्याच्या भांड्यात पाणी भरून दिलं. ते तो जेमतेम एखाददुसरा घोट चाटायचा. मी ते बघितलं होतं. लेक व्हिडिओ कॉलवर विचारायची, "ओलं खातो ना गं?" आणि मी म्हणायची, "खातो की, चाटूनपुसून."

महिना होत आला तेव्हा पाहुणा लेकीनं त्याच्या विधीसाठी दिलेल्या वाळूच्या टोपल्यात जास्त वेळ बसू लागला. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. वाळू कोरडीच. मालक म्हणाले, पोट साफ होत नसेल, आणि ओव्याचं पाणी उकळलं. पाहुण्यानं ते त्यांच्या धोतरावर सांडलं. जाऊबाई म्हणाली, "येवढं पांढरं लेकरू, नजर लागनार न्हाई तर काय," आणि तिनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मोहऱ्या फार तडतडल्या म्हणून ती खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा देव्हाऱ्यासमोर फरशीवर बसला आणि ओरडला. मांजराचा तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. लहान मुलाला पोळल्यावर ते रडतं, तसा. मालकांनी त्याच्या पोटाला हात लावला. पोट दगडासारखं लागत होतं.

तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, एक मिनिट थांबू नका, परभणी गाठा. मालकांनी पाहुण्याला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळलं, पूजेनंतर ज्याला ते कोणाला हात लावू देत नाहीत त्या उपरण्यात, आणि गावातली जीप सांगितली. मी कपाटातून पैसे आणि लेकीनं ठेवलेली पाहुण्याची कागदं घेतली. मालकांनी कोरड्याचा पितळी डबा काखेत घेतला. वाटेत त्याला भूक लागली तर, असं ते म्हणाले. वाटेभर ते त्याच्या कानाशी काही पुटपुटत होते आणि पाहुण्याचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा बदलला. लघवीची वाट बंद झालीय, ती म्हणाली. बोक्यांची वाट मुळातच अरुंद असते, पोटात पाणी जात नाही तेव्हा लघवी घट्ट होते, वाळूसारखे खडे बनतात आणि तिथं अडकतात.

"काय खायला देता?" तिनं विचारलं.

"कोरडं," मालक म्हणाले, आणि डबा पुढे केला. "येकदम शुद्ध."

"ओलं अजिबात नाही?"

"ते मांसाचं असतंय ना बाई. आमी माळकरी. आमच्या घरात चालत न्हाई."

तिनं डब्यातल्या दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. "काका, ह्या पण चिकनच्याच आहेत," ती म्हणाली. तिला घाई होती, चेष्टा करायला वेळ नव्हता. डबा त्यांच्या हातात परत देऊन ती पाहुण्याला आत घेऊन गेली.

मालक तो डबा दोन्ही हातांत धरून बाकावर बसून राहिले. मी समोरच्या भिंतीवरचं जनावरांच्या लसीकरणाचं पत्रक वाचत होते. वरून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं.

आत बारीक नळी घालून वाट मोकळी केली. तांबडी लघवी निघाली. अर्धा दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं ती डॉक्टरीण म्हणाली. तीन दिवस सलाइन चाललं. आम्ही परभणीत माझ्या भावाकडे राहिलो आणि मालक तीनही दिवस दवाखान्याच्या बाकावरून फक्त जेवायला उठले. भावाकडे कधी अंडी शिजतात, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी तिथं कोरडा शिधा मागितला नाही. वाढलं ते खाल्लं.

घरी आल्यावर ते आधी गोठ्यात गेले. माळ्यावरचं खोकं काढून थेट स्वयंपाकघरात आणलं, ओट्यावर ठेवलं, एक पुडी कापली आणि कोमट पाणी घालून बोटानं कालवली. पाहुण्यानं हुंगलं, मग हळूहळू सगळं खाल्लं. वासानं घर भरून गेलं. मी सवयीनं विचारलं, "आंघोळीला पाणी काढू का?"

ते बोटं धूत होते. "डॉक्टरीण बोलली तवा मी चमकलो," ते म्हणाले. "तू न्हाई चमकलीस."

मी रिकामी पुडी उचलून केरात टाकली.

"कवापासून ठावं होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग काहून न्हाई सांगितलंस?"

उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती. तुम्ही ऐकलं असतं का, घरात तंटा नको म्हणून, लेकीचा जीव टांगणीला नको म्हणून. बाईच्या जातीला ती पाठच असतात. पण त्या बाकावर तीन दिवस बसलेला माणूस समोर होता आणि मला खोटं बोलायची लाज वाटली. "मजा येत होती," मी म्हणाले.

ते चिडतील असं वाटलं. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं, चिडलेल्या मालकांचं काय करायचं ते मला येतं. पण त्यांनी पितळी डबा पालथा करून चुरा बाहेर झटकला आणि चिंच लावून डबा घासायला बसले. बराच वेळ घासत होते.

"माझी मजा घे की," ते खाली बघतच म्हणाले. "मी हायच तसा. बहिनीला इचार, ती बी सांगंल. पर हे लेकरू म्हैनाभर तहानलेलं ऱ्हायलं. ह्यानं कोनाला कवा विटाळ म्हणलं होतं?"