वास न येणाऱ्याला आलेला वास

लिहू की नको करत इतकी वर्षं गेली. मी विज्ञान शिकवणारी बाई. आमच्या माहेरी देव नाही, देवऋषी नाही, अंगारे-धुपारे नाहीत. दर्शनी भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आणि तिच्याखाली बाबांची खुर्ची. वस्तीत कोणी सांगत आलं की अमुक चिंचेवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की बाबा चष्मा पुसत विचारायचे, "असं? तिचं शिक्षण किती?" सांगणारा ओशाळून निघून जायचा. अशा घरातली मी... तेव्हा मी भूत बघितलंय असा कोणी समज करून घेऊ नये. मी काहीच बघितलेलं नाही. मी तर त्या वेळी तिथे नव्हतेच, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

साल १९८८, डिसेंबर. आम्ही भिवंडीत तीन बत्तीच्या मागे एका चाळीत राहायचो. पहिला मजला, दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी. खालच्या मजल्यावर लूमचा कारखाना, त्यामुळे दिवसरात्र खटाखट. पाहुणे आले की त्यांच्या बशीत कप थरथरायचा आणि ते घाबरायचे. आम्हाला उलट लाईट जाऊन लूम थांबले की दचकून जाग यायची.

आमचे हे सायझिंगमध्ये फिटर होते. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ देतात तो कारखाना. उकळलेल्या खळीचा तो आंबूस वास नव्या माणसाला उभं राहू देत नाही. ह्यांना मात्र काहीच नाही, कारण ह्यांना कसलाच वास येत नसे. लहानपणी गावी, वडप्याला, आंब्याच्या झाडावरून डोक्यावर पडले, जखम बरी झाली, वास गेला तो गेलाच. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी स्वतःच सांगितलं, "मला वास न्हाय येत. चालंल का?" त्या दिवशी घाबरून माझे पोहे करपले होते. बाकी सगळ्यांनी बश्या खाली ठेवल्या, ह्यांनी एकट्याने आवडीने संपवले. मी म्हटलं, चालेल.

माझा स्वभाव असा की जिवाला सदा घोर. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचं. हे म्हणायचे, "कुलूपच कंटाळून उघडंल एक दिस." त्यात प्रज्ञा झाली आणि त्याच वर्षी आमचा गॅसचा नंबर लागला. लोक पेढे वाटतात, माझी झोप उडाली. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो कुजका वास त्यात मुद्दाम मिसळतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. म्हणजे साऱ्या देशासाठी केलेली सोय, आणि ती माझ्या नवऱ्याला लागू नाही!

मग मी नियम केला. मी घरात नसताना गॅसला हात लावायचा नाही. ह्यांची रात्रपाळी असली की सकाळी हे येत, मी कोन गावच्या शाळेत जायला निघे, आणि प्रज्ञाला कुशीत घेऊन हे झोपत. ती उठून रडली की दूध गरम करायचं ते वातीच्या स्टोव्हवर. स्टोव्हशेजारी काड्यापेटी मी स्वतः भरून ठेवत असे. ही अक्कल माझी.

त्या वर्षी थंडी बरी होती. पहाटे कल्याण रस्त्यावर धुकं, आणि एसटीच्या खिडक्या मेल्या कधी बंद व्हायच्या नाहीत. तीन बत्तीला एक म्हातारे अत्तरवाले चाचा बसायचे. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्यापाशी थांबलो. मी गुलाबाचं मागितलं तर चाचा रागावले. "बेटी, गुलाब-खस गर्मी का माल है. जाडे में गरम इत्र लगाते हैं." त्यांनी एका कुपीतला कापसाचा फाया माझ्या मनगटावर फिरवला. चंदनासारखं लाकूड, जरा धुरकट, आणि त्याच्या आत वॅनिला, आइस्क्रीममधला असतो तोच, पण इथे चक्क उबदार. मी विचारलं, हे बायकांचं की पुरुषांचं?

"खुशबू को क्या मालूम, लगानेवाला मर्द है या औरत?" चाचा म्हणाले. "दोनों लगाओ. ऊन पे लगाना, ऊन खुशबू को पकड के रखता है."

ऊन म्हणजे त्यांच्या भाषेत लोकर. तेव्हापासून सकाळी एक थेंब माझ्या स्वेटरला, एक ह्यांच्या मफलरला. हे म्हणायचे, "माझ्यावर कशाला वाया घालवतेस? गाढवाला गुळाची चव काय!" पण लावू द्यायचे. कधी मफलर नाकाशी धरून विचारायचे, "कसा हाय, सांग तरी."

"लाकडासारखा. गोड. गरम."

"वास गरम कसा आसंल?"

खरं सांगते, तेव्हा वाईट वाटायचं. माझ्या अंगाला इतका छान वास येतोय आणि ज्याला यावा त्यालाच येत नाही.

तर तो दिवस. प्रज्ञाला खोकला होता म्हणून खिडक्या घट्ट बंद. हे कामावरून आले, मी निघाले. शाळेतल्या पाटील बाईंना अत्तर दाखवायचं म्हणून कुपी मी पर्समध्ये टाकली. ह्यांचा मफलर आदल्याच दिवशी धुतलेला, गॅलरीत वाळत होता. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी त्यावर फार डोकं फोडलंय.

शाळेत मधल्या सुट्टीच्या आधी, साडेअकराच्या सुमारास, माझा आठवीचा तास होता. फळा पुसला, डस्टर खिडकीच्या गजावर आपटलं, वारा उलटा आला आणि सगळी खडूची भुकटी माझ्या मरून रंगाच्या स्वेटरवर. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. पोरं हसली, मीही हसले, मला तर हसू आवरेना. दुपारी ऊन चढलं तेव्हा कोनच्या स्टँडवर स्वेटर काढून खसाखसा झटकला आणि पिशवीत कोंबला. घोर वगैरे काही नव्हता. बसमध्ये चक्क डुलकी काढली.

चाळीत शिरले तर अंगणात, नळापाशी, आमचा सिलिंडर उभा. त्यावर ओलं गोणपाट. वर गॅलरीत माणसं... मी ओरडले की नुसतं तोंड उघडलं, आठवत नाही.

हे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मांडीवर प्रज्ञा, जागी, ह्यांच्या शर्टाचं बटण चोखत. दोघंही धड. शेजारच्या जुबेदा खाला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मला बघून हे जरा चिडूनच म्हणाले, "तू मघाशी येऊन परत का गेलीस?"

"मी कधी आले?"

"मंग कोन आलं व्हतं?"

ह्यांनी सांगितलं ते असं. साडेअकराचा सुमार असेल, गाढ झोप लागली होती. लूम चालूच होते, प्रज्ञाही रडली नव्हती. अचानक जाग आली आणि वाटलं, सुनंदा आली. डोळे उघडले तर कोणी नाही, पण "तू हायेसच" असं वाटत राहिलं. तोंडावर, नाकात, कपाळात काहीतरी गोड, उबदार भरलेलं. ते काय आहे तेच ह्यांना कळेना. हाक मारली, उत्तर नाही. ते दाराकडे सरकल्यासारखं झालं. हे उठले, पोरीला उचललं, कडी काढून गॅलरीत आले. तिथेही ते पुढे. जिना उतरले, नळापर्यंत गेले, आणि तिथे ते संपलं.

इतक्यात उघड्या दारातून वास गॅलरीत पसरला आणि जुबेदा खाला किंचाळल्या, "भाईजान, गॅस! अंदर मत जाना! माचिस मत लगाना!" त्यांनीच पदर नाकाला लावून, आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. रबरी नळी उंदराने कुरतडली होती. दोन्ही खोल्या भरल्या होत्या.

खाला मला म्हणाल्या, "तेरी बच्ची की नई जिंदगी है, सुनंदा. थोडी देर और, तो उठके स्टोव्ह जलाता ना ये?"

मी मान हलवली. प्रज्ञाची दुधाची वेळ झालीच होती. ती रडली असती, हे उठले असते, वास नाही म्हणून काही कळलं नसतं, आणि माझ्या नियमाप्रमाणे, माझ्याच काड्यापेटीतली काडी ओढली असती.

त्या रात्री ह्यांनी हळूच विचारलं, "त्यालाच वास म्हनतात का गं?"

मी ह्यांना ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मार लागून गेलेला वास इतक्या वर्षांनी यायचा नाही, पण शरीराचं काही सांगता येत नाही. घरी मी डोळे बांधून परीक्षा घेतली. हिंग, रॉकेल, कापूर, शेवटी सुकट. काही नाही. मग अत्तर धरलं. हे खूप वेळ श्वास ओढत राहिले, आणि मान हलवली, "न्हाय." मग कुपी माझ्या हातातून घेऊन गॅलरीत गेले आणि एकटेच प्रयत्न करत बसले. मला तिकडे बघवेना. वासाशिवाय माणूस मजेत होता. एकदाच आला आणि गेला, त्यानंतर थंडी पडली की हे येताजाता माझा स्वेटर नाकाला लावायचे.

आणि माझं काय? मला वेगळंच खात राहिलं. जिन्यावरून चारदा परतणारी मी, पोरीला शिंक आली तरी रात्रभर जागणारी मी, आणि नेमक्या त्या वेळी मला काहीही वाटलं नाही. आईच्या काळजाला म्हणे कळतं! मी तर भुवया पांढऱ्या करून हसत होते.

वर्षं गेली. आम्ही कल्याण नाक्याजवळ ब्लॉक घेतला. अत्तरवाले चाचा कुठे गेले कळलं नाही, त्यांच्या जागी एसटीडी बूथ आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका थंडीत प्रज्ञाने माझा मरून स्वेटर ट्रंकेतून काढला, तिला तो थोडाच सैल झाला. मी कुपीच्या तळाशी उरलेल्यातला थेंब तिच्या बाहीला लावला. ह्यांनी सवयीने तिची बाही ओढून वास घेतला, अर्थात काही आलं नाही. मग सहज म्हणाले, "त्या दिशी नुसता ह्योच नव्हता."

"म्हणजे?"

"तू सांगतेस ना, गरम, लाकडाचा, गोड. त्यो व्हताच. पन त्याच्यावर आनखी काय तरी व्हतं. कोरडं. पांढरं."

"वास पांढरा कसा असेल?"

"वास गरम आसतो, तर पांढरा का न्हाय? भुकटीवानी व्हतं. नाकात जाऊन बसलं नि मला शिंक आली. त्या शिंकंनं तर जाग आली मला."

मी पोळपाटावरची पोळी तशीच सोडून खाली बसले. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू कवा इचारलंस? तू आपली अत्तराचंच इचारायचीस."

खरं होतं ते. परीक्षा मी अत्तराची घेतली होती. खडूची ती गंमत मी घरी कधी सांगितलीच नव्हती. त्या दिवसानंतर गंमत सांगायचं तोंड कुणाला होतं? आणि स्वेटर मी कोनलाच झटकून पिशवीत कोंबला होता, ह्यांनी तो पाहिलाही नव्हता. प्रज्ञा आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. ह्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं, फक्त रडू आलं. भीतीने नाही... इतक्या वर्षांचं काहीतरी सुटल्यासारखं.

ह्याचं कारण मला माहीत नाही. मी विचार करून थकले आहे. मी कोनला होते, सगळा वर्ग साक्षीला आहे. तरी त्याच वेळी माझ्या घरी कोणीतरी येऊन गेलं, जिच्या अंगावर माझं अत्तर होतं आणि त्यावर माझ्याच फळ्याचा खडू.

बाबा आज असते तर त्यांनी चष्मा पुसत विचारलं असतं, "असं? तिचं शिक्षण किती?"

"बी.एस्सी., बी.एड.," मी म्हटलं असतं. त्यावर बाबा काय म्हणाले असते, ते मला अजून सुचलेलं नाही.