मिस्त्रींनी रंगवलेली पाटी

आमच्या छंदात गंजाला सोन्याचा भाव असतो. बंद पडलेल्या गाड्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, बिल्ले, तेलाचे डबे आम्ही जमवतो. लग्नाची तीथ नसेल असा एखादा रविवार गाठून गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर आमचा अदलाबदलीचा मेळावा भरतो. आदल्या आठवड्यात जिथे नवरा-नवरी उभे होते, तिथे आम्ही भंगार मांडून बसतो. गंज अस्सल आहे की मिठाच्या पाण्याने आणलेला, हे काहीजण पाटीचा वास घेऊन सांगतात. सगळी सुशिक्षित माणसं आहेत. घरच्यांनी आशा सोडली आहे.

पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या गॅरेजवर जुन्या स्कूटर कंपनीची एनॅमलची पाटी होती, कडेने सुरेख गंजलेली. तिच्यापायी सहा वर्षं मी माझी धडधाकट स्कूटर त्यांच्याकडे दुरुस्तीला नेत होतो. त्यांना वाटे, मी त्यांच्या हातातल्या कसबाला मानतो. तो गैरसमज मी मोडला नाही, कारण मी मुळात फार सज्जन.

यंदा त्यांनी गॅरेज बंद केलं. "पाटी तुम्हालाच देणार, साहेब. तुमच्या मेळाव्यातच घेऊन येतो," म्हणाले. मी आठवडाभर सगळ्या मंडळींना फोन करकरून जळवलं.

रविवारी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षातून उतरले. चादरीत गुंडाळलेली पाटी त्यांनी उघडली. गंज पार घासून काढलेला, वर लालभडक ऑइल पेंटचे दोन हात. पांढऱ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव शेवटी जागा कमी पडल्यामुळे दाटीवाटीने उभं.

"अशी घाण वस्तू कशी द्यायची तुम्हाला?" मिस्त्री म्हणाले. "आता बघा, नवीकोरी हाय."

मी कसंबसं "वा" म्हणालो. ते चहा घेऊन पाटीशेजारीच खुर्चीवर बसले, लोक काय म्हणतात ते ऐकायला.

आमच्यातला एक जाणकार, स्वतःची गंजकी पाटी काखेत मारून, तिथे आलाच. "वाटोळं केलं! कोणत्या गाढवाने रंगवली ही?"

मिस्त्रींचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. तोवर मी पाटीसाठी हळहळत होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला लाज वाटली, सहा वर्षांची एकदम.

"मी," मी म्हणालो.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "खोटं नका बोलू, साहेब. तुम्हाला साधा प्लग काढता येत नाय, अन् पाटी रंगवताय?" मग ते जाणकाराकडे वळले. "मी रंगवली. तीन दिवस लागले. तुमचीबी लय खराब झालीये. आणा इकडं, करून देतो."

जाणकाराने आपली पाटी छातीशी धरली आणि काढता पाय घेतला. मी खुर्ची ओढून मिस्त्रींच्या शेजारी बसलो आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं, तुम्ही राहता कुठे.